पीएचपीत लॉगिन फॉर्म हाताळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होमस्टेचं बुकिंग, हापूसच्या पेट्यांच्या ऑर्डरी, पतसंस्थेच्या सभासदांची यादी. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत सध्या छोट्या वेबसाईटची कामं निघतात ती बहुतेक अशीच. बजेट बेताचं आणि होस्टिंग शेअर्ड, त्यामुळे भाषा पीएचपी ठरलेली. प्रत्येक साईटला एक लॉगिन लागतं, आणि नेमका तोच भाग कुठल्यातरी दहा-बारा वर्षं जुन्या व्हिडिओतून जसाच्या तसा उचललेला असतो. खालचे प्रश्न हे काम करणाऱ्या मुलामुलींचे आहेत, थोडे साईटच्या मालकांचेही.

फंक्शनांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती नेहमीसारखी रोमन लिपीतच टाका.

फॉर्म 'पोस्ट'नेच का पाठवायचा? 'गेट'नेही चालतं की.

चालतं, पण 'गेट'ने पाठवलं की पासवर्ड पत्त्याच्या पट्टीत येतो. तिथून तो ब्राउझरच्या हिस्टरीत आणि सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये साध्या अक्षरांत जाऊन बसतो. मालकाने 'पान उघडत नाही' म्हणून स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर टाकला, तर ग्रुपभर पोचतो. म्हणून मेथड 'पोस्ट'. पासवर्ड एकदा लॉगमध्ये गेला असेल तर मेथड बदलून भागत नाही, पासवर्डही बदलायला लावा.

'पोस्ट'मुळे पासवर्ड गुप्त होतो असा मात्र समज करून घेऊ नका. एचटीटीपीएस, म्हणजे ब्राउझर ते सर्व्हर सगळं एन्क्रिप्ट करून नेणारी जोडणी, नसेल तर वाटेत बसलेल्या कोणालाही तो वाचता येतो.

मग एचटीटीपीएस विकत घ्यावं लागेल?

नाही. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं. त्याची मुदत फार तर ९० दिवसांची असते, त्यामुळे नूतनीकरण आपोआप होतंय ना, तेवढं सीपॅनेलमध्ये, म्हणजे होस्टिंगच्या नियंत्रण पानावर, बघून ठेवा. एचटीटीपीएसशिवाय लॉगिन पान लावूच नये. यात तडजोड नाही.

बटण दाबल्यावर सर्व्हरवर कुठल्या क्रमाने काय व्हायला हवं?

फाईलच्या अगदी पहिल्या ओळीपासून सांगतो. सगळ्यात आधी सेशन_स्टार्ट, म्हणजे आलेल्या माणसाची सर्व्हरवरची तात्पुरती नोंद उघडायची. मग विनंतीची मेथड 'पोस्ट' आहे का ते बघायचं. नसेल तर फक्त रिकामा फॉर्म दाखवायचा आणि थांबायचं. असेल तर सीएसआरएफ टोकन, म्हणजे फॉर्म आपल्याच पानावरून आलाय हे ओळखायची गुप्त खूण, जुळतं का ते तपासायचं. त्यानंतर $_पोस्ट मधून दोन्ही किमती, म्हणजे नाव किंवा नंबर आणि पासवर्ड, घ्यायच्या. त्या आहेत का, आणि आहेत तर स्ट्रिंगच आहेत का, दोन्ही तपासा. फॉर्ममधल्या नावापुढे चौकोनी कंस लावून कोणीही तुम्हाला ॲरे पाठवू शकतो. मग ट्रिम, म्हणजे कडेच्या स्पेस काढणारं फंक्शन, फॅटल एरर देतं, आणि एरर दाखवणं चालू असेल तर सर्व्हरवरचा फाईलचा पूर्ण पत्ता पडद्यावर येतो.

पुढे नाव किंवा नंबर ट्रिम करायचा. पासवर्ड ट्रिम करायचा नाही, कारण त्यातली स्पेस त्या माणसाची आहे. मग डेटाबेसमधून त्या नावाची एकच ओळ आणायची आणि पासवर्ड_व्हेरिफायने पासवर्ड ताडायचा. जुळला तर सेशनचा आयडी बदलायचा, सेशनमध्ये फक्त वापरकर्त्याचा क्रमांक ठेवायचा, लोकेशन हेडर पाठवायचा आणि लगेच एक्झिट.

ते एक्झिट बरेच जण विसरतात. लोकेशन हेडर ही ब्राउझरला केलेली विनंती असते, तिच्यामुळे पीएचपी थांबत नाही. खालचा कोड चालतच राहतो. आतल्या पानांवर 'लॉगिन नसेल तर परत पाठव' असं लिहून पुढे एक्झिट नसेल, तर बुकिंगची पूर्ण यादी त्या उत्तरासोबतच बाहेर जाते. ब्राउझर ती दाखवत नाही एवढंच. कर्लने, म्हणजे ब्राउझरशिवाय पान मागवणाऱ्या प्रोग्रामने, मागवली की सगळी दिसते.

व्हिडिओत मायएसक्यूएल_क्वेरी वापरलंय. माझ्याकडे 'अनडिफाइन्ड फंक्शन' येतं.

येणारच. मायएसक्यूएल_ ने सुरू होणारी ती जुनी फंक्शनं पीएचपी ५.५ मध्ये, म्हणजे २०१३ सालीच, कालबाह्य ठरवली गेली आणि डिसेंबर २०१५ च्या ७.० आवृत्तीत काढून टाकली. तो व्हिडिओ त्याआधीच्या काळातला. त्यात रजिस्टर_ग्लोबल्स किंवा मॅजिक कोट्स यांचा उल्लेख असेल तर तो अजून जुना, कारण ती दोन्ही ५.४ मध्ये, २०१२ साली गेली. होस्टिंगवाल्याला 'जुनी पीएचपी लावून द्या' असं सांगून काम भागवणारे लोक आहेत. त्यांच्यासारखं करू नका. पीडीओ, म्हणजे पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची आताची पद्धत, शिका, दोन संध्याकाळचं काम आहे.

एसक्यूएल इंजेक्शन म्हणजे नेमकं काय होतं? आमची साईट कोण हॅक करणार?

तारकर्लीच्या चार खोल्यांच्या होमस्टेवर कोणी मुद्दाम नजर ठेवून बसलेलं नसतं, हे खरं. पण हल्ला करणारा माणूस नसतो, आपोआप फिरणारे प्रोग्राम असतात. ते समोर येईल तो फॉर्म चाचपून बघतात.

जुन्या कोडमध्ये क्वेरी अशी जोडलेली असते: … व्हेअर नाव = '$नाव' अँड पासवर्ड = '$पासवर्ड'. आता पासवर्डच्या चौकटीत कोणी हे लिहिलं:

' ऑर '१'='१

एसक्यूएलच्या रोमन शब्दांत आणि आकड्यांत लिहिलं की क्वेरीतला पहिला अवतरण तिथेच बंद होतो आणि पुढची अट कायम खरी ठरते. टेबलातली पहिली ओळ परत येते. ती बहुतेक वेळा ॲडमिनची असते, कारण पहिलं खातं आपणच आपलं उघडलेलं असतं.

उपाय म्हणजे प्रिपेअर्ड स्टेटमेंट. क्वेरीचा सांगाडा आधी वेगळा, किमती नंतर वेगळ्या. डेटाबेस किमतीला कधीच हुकूम समजत नाही. पीडीओ मायएसक्यूएलसाठी आपणहून प्रिपेअरची नक्कल करतं, म्हणून जोडणी करताना एटीटीआर_एम्युलेट_प्रिपेअर्स फॉल्स करा आणि कॅरॅक्टर सेट यूटीएफ८एमबी४ द्या. मायएसक्यूएलचं साधं 'यूटीएफ८' एका अक्षराला तीनच बाइट देतं. देवनागरीला ते पुरतं, पण पाहुण्याने नावापुढे इमोजी टाकला की अडकतं.

पासवर्ड एमडी५ करून ठेवलेत. तेवढं पुरे ना?

पुरे नाही. एमडी५ हा हॅशचा एक प्रकार. हॅश म्हणजे पासवर्डाचा आमरस, त्याचा परत आंबा करता येत नाही, इथपर्यंत एमडी५ ठीक. पण एमडी५ फार वेगाने निघतो. ज्याच्या हाती तुमचं टेबल पडलं, तो साध्या ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला अब्जावधी अंदाज लावून बघतो. 'मालवण१२३' किती टिकणार? शिवाय मीठ नसेल, म्हणजे प्रत्येक पासवर्डात वेगळी यादृच्छिक भर घातलेली नसेल, तर सारख्या पासवर्डांचे हॅशही सारखेच दिसतात.

पासवर्ड_हॅश वापरा. ते मुद्दाम हळू चालतं आणि मीठ स्वतःच घालतं. मूळ पद्धत बीक्रिप्ट. तिचं 'कॉस्ट' पूर्वी १० होतं, पीएचपी ८.४ पासून १२ झालं. दर एक आकड्याला काम दुप्पट होतं, म्हणजे आता चौपट. ताडताना पासवर्ड_व्हेरिफाय. दोन हॅश == ने ताडू नका. ०ई ने सुरू होऊन पुढे नुसते आकडे असलेले दोन एमडी५ पीएचपीला दोन्ही शून्यच वाटतात आणि ते 'समान' ठरवतं. २४०६१०७०८ या स्ट्रिंगचा एमडी५ नेमका असाच आहे.

जुने ग्राहक आहेत, सगळ्यांना पासवर्ड बदलायला कसं सांगू?

सांगू नका. एमडी५ असलेला माणूस पुढच्या वेळी लॉगिनला आला की त्याचा खरा पासवर्ड क्षणभर तुमच्या हातात असतो. जुन्या पद्धतीने हॅश_इक्वल्स वापरून ताडा. जुळला तर तिथेच पासवर्ड_हॅशने नवा हॅश करून टेबलात घाला आणि जुना पुसा. त्याला कळणारही नाही. गणपतीपुरते येणारे काही जण वर्षभर फिरकत नाहीत. तोवर त्यांचे एमडी५ तसेच पडून राहायला नकोत, म्हणून ते आजच बीक्रिप्टमध्ये गुंडाळा, म्हणजे एमडी५चाच पासवर्ड_हॅश करा आणि ओळीवर तशी खूण ठेवा.

साइन-अप नीट होतं, पण लॉगिनला पासवर्ड कायम चुकीचाच दाखवतो.

टेबलाचा कॉलम बघा. बीक्रिप्टचा हॅश ६० अक्षरांचा असतो. कॉलम व्हारचार ५० असेल आणि डेटाबेस सैल मोडमध्ये असेल, तर शेवटची दहा अक्षरं गुपचूप कापली जातात. २५५ ठेवा.

"पासवर्ड बरोबर घालतंय, तरी घेणा नाय." मालकाचा रोजचा फोन.

मालक खोटं बोलत नसतो. फोनचा कीबोर्ड काय करतो ते त्याच्या शेजारी बसून एकदा बघा. ईमेलचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल होतं, सुचवलेला शब्द निवडला की मागे एक स्पेस येते. मोबाईल नंबर कॉन्टॅक्टमधून चिकटवला तर पुढे +९१ आणि मधे स्पेस. आणि कीबोर्ड मराठीत असेल तर नंबर चक्क देवनागरी आकड्यांत येतो.

हे शेवटचं आपल्याकडेच जास्त होतं आणि परदेशी ट्युटोरियलमध्ये याचा पत्ताही नसतो. पीएचपीला देवनागरी आकडा हा आकडा वाटत नाही. इज_न्यूमेरिक 'नाही' म्हणतं, सीटाइप_डिजिट 'नाही' म्हणतं, आणि इंटमध्ये बदललं तर शून्य हातात येतो. म्हणून आधी देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत करून घ्या. त्यासाठी एसटीआरटीआर उत्तम, पण त्याला जोड्यांचा ॲरे द्या. तीन आर्ग्युमेंटचं रूप बाइटगणिक चालतं आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, त्यामुळे त्या रूपात नंबराचा पार चुथडा होतो. नंतर शून्य ते नऊ सोडून बाकी सगळं काढून टाका आणि शेवटचे दहा आकडे ठेवा. फॉर्ममध्ये नंबराच्या चौकटीला टाइप 'टेल', ईमेलच्या चौकटीला टाइप 'ईमेल' द्या, म्हणजे निम्मा त्रास फोनच कमी करतो.

पासवर्डच्या चौकटीला 'दाखवा' असं बटण द्या. पेस्ट बंद करण्याचा आगाऊपणा करू नका, पासवर्ड मॅनेजर वापरणाऱ्याची त्यात अडवणूक होते.

मराठीत पासवर्ड ठेवू द्यावा का?

जरूर द्यावा. आठवायला सोपा आणि इंग्रजी शब्दांच्या यादीत न सापडणारा. पण दोन गोष्टी सांभाळा.

पहिली बाइटची. बीक्रिप्ट फक्त पहिले ७२ बाइट बघतं, पुढचं न सांगता सोडून देतं. रोमनमध्ये ७२ अक्षरं कोणी लिहीत नाही, पण देवनागरीत ही मर्यादा २४ चिन्हांवर येते, आणि काना, मात्रा, अनुस्वार हे प्रत्येक वेगळं चिन्ह. 'देवबागची संगमावरची होडी' हा पासवर्ड ६५ बाइटचा आहे. अजून दोन चिन्हं मावतील, तिसरं नाही. म्हणून लांबी एसटीआरलेनने, म्हणजे बाइटमध्ये मोजा आणि ७२ च्या वर गेली तर साइन-अपलाच स्पष्ट सांगा. होस्टिंगवर आर्गॉन२आयडी ही दुसरी हॅश पद्धत असेल तर ते वापरा, त्याला ही अडचण नाही.

दुसरी गोष्ट 'ऱ्य'ची. 'आचऱ्याचा समुद्र' हा पासवर्ड घ्या. त्यातला ऱ हे एकच चिन्ह असू शकतं, किंवा र अधिक नुक्ता असू शकतो, आणि काही कीबोर्ड तो र्‍य साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून काढतात. डोळ्यांना तिन्ही सारखे, बाइट वेगळे. मालकाने साइन-अप फोनवर केलं आणि लॉगिन दुकानातल्या कॉम्प्युटरवर, की संपलं. इंटल एक्स्टेन्शनमधल्या नॉर्मलायझरचं एनएफसी रूप पहिल्या दोघांना एक करतं. तिसऱ्यासाठी एक अदलाबदल स्वतः लिहावी लागते. हे साइन-अप आणि लॉगिन दोन्हीकडे सारखंच करा.

रेंज नसते, लोक बटण दोन-तीनदा दाबतात. रिफ्रेश केलं की ब्राउझर 'फॉर्म परत पाठवू का' विचारतो.

'पोस्ट'च्या उत्तरात थेट पान छापल्यामुळे तसं होतं. लॉगिन जमलं की ३०३ देऊन दुसऱ्या पानावर पाठवा. मग रिफ्रेश केलं तरी ते नुसतं 'गेट' असतं. चुकलं तरीही हेच, संदेश सेशनमध्ये ठेवायचा आणि फॉर्मवर परत. बटण पहिल्या टॅपनंतर जावास्क्रिप्टने बंद करता येतं, पण पावसाळ्यात जिथे लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो, तिथे विनंती अर्ध्यात तुटते आणि बंद झालेलं बटण तसंच राहतं. काही सेकंदांनी ते परत चालू करा.

'हेडर्स ऑलरेडी सेंट' जाता जात नाही.

हेडरच्या आधी काहीतरी छापलं गेलंय. एररमध्येच फाईल आणि ओळ दिलेली असते, ती वाचा. पहिल्या ओळीवर बोट असेल आणि तिथे काही दिसत नसेल, तर फाईल नोटपॅडमधून 'बॉम'सकट, म्हणजे सुरुवातीला एक अदृश्य खूण घेऊन, सेव्ह झाली आहे. एडिटरमध्ये 'यूटीएफ-८, बॉमशिवाय' निवडा. नुसत्या पीएचपीच्या फाईलमध्ये शेवटचा बंद करणारा टॅग लिहूच नका, त्यामागची रिकामी ओळही छापली जाते.

लॉगिन झाल्यावर सेशनचा आयडी का बदलायचा?

कोणी आधीच स्वतःला माहीत असलेला आयडी तुमच्या ब्राउझरमध्ये घुसवला असेल, तर तुम्ही लॉगिन केल्यावर तोही आत येतो. सेशन_रिजनरेट_आयडी ट्रू देऊन बोलवा. कुकीला सिक्युअर, एचटीटीपी-ओन्ली आणि सेमसाइट 'लॅक्स' लावा.

लोक आपोआप लॉगआउट होतात.

मूळ सेटिंगप्रमाणे सेशनची फाईल १४४० सेकंदांनी, म्हणजे २४ मिनिटांनी, साफ व्हायला मोकळी होते. शेअर्ड होस्टिंगवर सगळ्यांच्या फायली एकाच फोल्डरात असतील, तर शेजारच्या साईटची कमी मुदत तुमच्याही फायली झाडून नेते. सेव्ह_पाथ, म्हणजे सेशनच्या फायलींचं फोल्डर, स्वतःचा ठेवा, वेब फोल्डरच्या बाहेर.

'लक्षात ठेवा' हवं असेल तर पासवर्ड कुकीत ठेवू नका, एन्क्रिप्ट करूनही नको. रँडम_बाइट्सने ३२ बाइटचं टोकन काढा, टेबलात त्याचा शा-२५६ हॅश ठेवा आणि प्रत्येक वापरानंतर टोकन बदला.

'हा नंबर नोंदलेला नाही' असा संदेश दाखवला तर काय बिघडलं?

कोणाकोणाची खाती आहेत ते बाहेरच्याला एकेक करून कळतं. पतसंस्थेच्या साईटवर हे बरं नव्हे. दोन्ही वेळा एकच वाक्य: 'नंबर किंवा पासवर्ड जुळत नाही.' आणि नंबर सापडला नाही तरी एखाद्या ठरवून ठेवलेल्या खोट्या हॅशशी पासवर्ड_व्हेरिफाय चालवा. नाहीतर उत्तर किती लवकर आलं यावरूनच ओळखता येतं.

चुकीचे प्रयत्न किती चालवून घ्यायचे? आयपी बंद करू का?

नुसत्या आयपीवर जाऊ नका. मोबाईल कंपन्या शेकडो फोन एकाच आयपीमागून बाहेर सोडतात. मे महिन्यात एकाने पाच वेळा चुकवलं म्हणून त्याच कंपनीच्या सिमवरचे बाकीचे पाहुणे अडकले, तर मालक तुम्हालाच फोन करणार. खातं कायमचं कुलूपबंद करणंही वाईट. मग कोणीही मालकाच्या नंबरावर मुद्दाम चुकीचे पासवर्ड मारून त्याला ऐन सीझनमध्ये बाहेर ठेवू शकतो. खातं आणि आयपी दोन्ही मोजा आणि प्रत्येक चुकीनंतर थांबण्याचा वेळ वाढवत न्या. हे मोजमाप डेटाबेसमध्ये ठेवा. सेशनमध्ये ठेवलं तर कुकी टाकून दिली की ते शून्यावर येतं.

लॉगिन फॉर्मला सीएसआरएफ टोकन कशाला? तिथे अजून कोणी लॉगिन झालेलंच नसतं.

प्रश्न रास्त आहे. धोका उलट दिशेने येतो: दुसरं पान तुमच्या नकळत तुम्हाला हल्लेखोराच्या खात्यात लॉगिन करून देतं आणि तुम्ही पाहुण्यांचे आधार क्रमांक त्याच्या खात्यात भरत बसता. टोकन सेशनमध्ये ठेवा आणि हॅश_इक्वल्सने ताडा. पान उघडं ठेवून माणूस जेवायला गेला तर टोकन शिळं होतं. तेव्हा लाल अक्षरांत 'अवैध विनंती' न ओरडता 'पान जुनं झालं, पुन्हा एकदा भरा' म्हणा.

फॉर्म जावास्क्रिप्टने तपासला की पीएचपीत परत कशाला?

जावास्क्रिप्ट समोरच्याच्या फोनवर चालतं, आणि फोन त्याचा आहे. तिथली तपासणी सोयीसाठी, सर्व्हरवरची खरी.

मालकाचं म्हणणं, एकच लॉगिन सगळ्यांना द्या.

घरात भाऊ, मुंबईला पुतण्या, खोल्यांची व्यवस्था बघणाऱ्या काकी, सगळे एकाच पासवर्डवर. पुतण्याने बुकिंग रद्द केलं आणि बोल काकींवर आला, की मालकाला वेगळ्या खात्यांचं महत्त्व पटतं. तोवर थांबायचं कशाला? टेबलात भूमिकेचा एक कॉलम वाढवला की झालं. पाहुण्यांची ओळखपत्रं साईटवर साठवत असाल तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ती सांभाळण्याची जबाबदारी साठवणाऱ्यावर टाकली आहे, हेही त्यांच्या कानावर घाला.

हे सगळं हाताने लिहिण्यापेक्षा लाराव्हेल हे पीएचपीचं तयार फ्रेमवर्क घेतलं तर?

घ्या. वरचं बहुतेक सगळं त्यात तयार आहे. देवनागरी आकडे आणि 'ऱ्य' मात्र तिथेही तुम्हालाच बघावे लागतील.

लॉगआउटला सेशन_डिस्ट्रॉय पुरे का?

त्याने सर्व्हरवरची फाईल जाते. त्याच विनंतीतला $_सेशन आणि ब्राउझरमधली कुकी राहते. आधी $_सेशन रिकामा करा, मग कुकी मागची तारीख देऊन संपवा, मग डिस्ट्रॉय. 'लक्षात ठेवा'चं टोकनही टेबलातून काढा. लॉगआउट लिंकने नको, छोट्या 'पोस्ट' फॉर्मने करा, नाहीतर कुठल्याही पानावरचं एक चित्रसुद्धा लोकांना बाहेर काढू शकतं.

बरीच मंडळी सेवा केंद्रातल्या किंवा ओळखीच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरून काम करतात. त्यांच्यामागून बसणाऱ्याने 'बॅक' दाबलं तर मागचं पान दिसू नये. सेशन चालू असलेल्या पानांना पीएचपी मूळ सेटिंगमध्ये स्वतःच 'नो-स्टोअर'चा हेडर लावतं. कोणी वेग वाढवायच्या नादात सेशन_कॅश_लिमिटर बदलून ठेवलेला नाही ना, तेवढं बघून घ्या.